मिस्टर अवो

भूत, भानामती, अंगात येणं... यातल्या कशालाही मी आयुष्यात कधी भीक घातली नाही. माझं माहेर भिवापूरचं, घरची मिरचीची शेती. कुणाला दृष्ट लागली की आमच्याकडं मूठभर मिरच्या ओवाळून चुलीत टाकत, आणि मी लहानपणीही विचारायची की चांगल्या मिरच्या कशाला जाळता. आजही माझं मत तेच आहे. तरी जे घडलं ते लिहून पाठवते आहे, कारण आता सांगायला घरात कुणी उरलेलं नाही.

आणखी एक आधीच कबूल करते, म्हणजे मागाहून नावं ठेवायला नको. मी मत्सरी बाई आहे. लग्नानंतर ह्यांनी शेजारणीच्या वांग्याच्या भाजीला दोनदा छान म्हटलं, तर मी वर्षभर वांगं घरात आणलं नाही. ह्यांचं नाव मी इथं घेणार नाही. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. आमच्याकडं बायको नवऱ्याला 'अवो' म्हणते, पुण्याकडचे 'अहो' म्हणतात तसं. मी जन्मभर तेच म्हटलं.

गोष्ट त्र्याहत्तर ते पंचाहत्तरची. आम्ही सक्करदऱ्यात, तलावाजवळच्या गल्लीत दोन खोल्यांत राहायचो. मी, हे, आणि सासूबाई. मूलबाळ नव्हतं. हे कापड मिलमध्ये वीव्हिंग मास्टर होते. मागांच्या खडखडाटात पंधरा वर्षं काढलेला माणूस, त्यामुळं ह्यांना हाक मारायची तर जोरात मारावी लागे. संध्याकाळी सातला सायकल दारात लागली की मी चहा उतरवायची आणि मागच्या अंगणात हात-पाय धूत असलेल्या ह्यांना ओरडून सांगायची, "अवोऽऽ, आयकलं काय, चा झाला!" गल्लीतल्या बायका माझी नक्कल करायच्या.

मग ह्यांना आफ्रिकेतली नोकरी आली. नायजेरियात कडुना म्हणून शहर आहे, तिथं नव्या कापड मिल निघाल्या होत्या आणि आपल्याकडचे मास्टर तिकडं जात होते. ठरलं होतं की मीही जाणार. पासपोर्टचे फोटोसुद्धा काढले होते. पण ह्यांच्या निघण्याच्या महिनाभर आधी सासूबाईंची डावी बाजू गेली. एकुलता एक मुलगा आणि त्याची बायको दोघंही निघून गेले तर म्हातारीनं काय करायचं? हे एकटे गेले. जाताना मी सोबत भिवापुरी तिखटाचा मोठा डबा दिला.

पहिल्या सहा महिन्यांतली ह्यांची पत्रं वाचून कुणालाही दया आली असती. निळी एरोग्रामं, शाईच्या पेनानं काठोकाठ भरलेली. उन्हाळा आपल्यासारखाच आहे म्हणे, पण डिसेंबरात वाळवंटाकडून धुळीचा वारा येतो, हार्मटन म्हणतात त्याला. ओठ फुटतात, दोरीवरचं कापड संध्याकाळपर्यंत पिवळं होतं. मच्छरदाणीशिवाय झोपायचं नाही, पाणी उकळून गाळून प्यायचं, रविवारी मलेरियाची गोळी घ्यायची. बाजारात ज्वारी मिळते, तिथले लोक तिचा घट्ट शिजवलेला गोळा पाल्याच्या कालवणाबरोबर खातात. ह्यांनी भाकरी थापून पाहिली तर ती तुटली. चवळीचे वडे मात्र गल्लोगल्ली मिळतात, सकाळी त्यावरच भागतं. तिथले हौसा लोक भेटले की सरळ कामाचं बोलतच नाहीत. घर कसं, काम कसं, झोप कशी, आणि शेवटी 'थकवा कसा आहे?' म्हणून विचारतात. ह्यांनी लिहिलं होतं, 'थकवा नाही असंच म्हणायचं असते, मी रोज म्हणतो. तू कधी येते?'

प्रत्येक पत्राच्या शेवटी हेच, तू कधी येते. मी इकडं सासूबाईंचं सगळं अंथरुणात करत होते आणि ती ओळ दहादा वाचत होते.

सवय काही जात नव्हती. सात वाजले की हात आपोआप दोन कप चहा टाकायचे आणि तोंडातून हाक निघायची, "अवोऽऽ, आयकलं काय..." पहिले काही दिवस चुकून. मग, खरं सांगते, मुद्दाम. बरं वाटायचं. हाक मारून मी मागच्या पायरीवर बसायची आणि चहा पार थंड होऊन जायचा. सासूबाईंचं अर्धं अंग गेलं होतं, जीभ नव्हती गेली. एक दिवस मला म्हणाल्या, "तू हाक मारते अन् मंग आयकत बसते. कोन बोलून राह्यलं तिकडून? मी तीनदा पानी मागतलं." मी म्हटलं, मला ऐकू नाही आलं. तेही खरंच होतं.

मग पत्रं बदलली.

म्हणजे यायची, पण आखूड. खुशाल आहे, काळजी नको. ज्वारीच्या भाकरीला आता पदर सुटतो. काल पाटवडी केली, रस्सा फक्कड झाला. अहो, पाटवडी? या माणसाला साधं पिठलं ढवळता येत नव्हतं, त्याला बेसन थापून वड्या कुणी शिकवल्या? मी लिहून विचारलं. उत्तरात पाटवडीबद्दल एक अक्षर नाही. आणि 'तू कधी येते' ही ओळ गळालीच. एका पत्रात गळली तर विसरले असतील म्हणून सोडून दिलं. लागोपाठ पाच पत्रांत नाही म्हटल्यावर मात्र मी जुनी सगळी पत्रं काढून पुन्हा वाचली.

तेवढ्यात ह्यांच्या मिलमधल्या डाइंग मास्टरांची बायको, कमलताई, सुट्टीवर नागपूरला आली. तिच्यासोबत ह्यांनी निरोप पाठवला होता की तिखट संपलं, दुसरा डबा दे. तो डबा आमच्या तिघांच्या घराला आठ महिने पुरायचा. एकटा माणूस वर्षाच्या आत संपवतो? मी कमलताईला सरळ विचारलं की ह्यांच्याकडं जेवायला कोण असतं. ती बशीतले पोहे नुसतीच चिवडत राहिली. मी सोडणारी नव्हते.

"पहा बाई, मले चुगली करायची सवय नाही," ती शेवटी म्हणाली. "पन तुमच्या जागी मी असती तं कोनीतरी मले सांगावं असं वाटलंच असतं. तुमच्या यांच्या क्वार्टरात एक बाई राह्यते."

तिथली का, विचारलं. ती म्हणाली, तिथली असती तर एवढं नवल वाटलं नसतं. बाई साडीतली होती. कमलताईनं मोटारीतून जाताना खिडकीत पाठमोरी पाहिली होती, अंबाडा घातलेली, चुलीपाशी वाकलेली. चौकीदारही म्हणाला की मास्टरची मॅडम आहे. कडुनात आपली माणसं मोजकी, सगळ्यांच्या बायका एकमेकींना ओळखत, आणि ही त्यांच्यातली कुणीच नव्हती.

त्या दिवसानंतर मी काय झाले ते सांगायला आजही लाज वाटते. मी पत्र लिहिणं बंद केलं. सासूबाईंचं करत होते, पण तोंडानं नाही. मनात त्या बाईचा चेहरा रचत बसायची. कधी ती गोरी असायची, कधी दवाखान्यातली नर्स. मी म्हातारीचं अंथरूण धुवायचं आणि तिनं ह्यांना गरम पाटवडी वाढायची? सात वाजता हाक मारणं मात्र सुटलं नाही. आता रागानं मारायची, दात-ओठ खाऊन. तिकडून ह्यांची पत्रं येत राहिली, आणि त्यात मी गप्प का आहे, हे एकदाही विचारलेलं नव्हतं.

पंचाहत्तरच्या उन्हाळ्यात सासूबाई गेल्या. ह्यांना यायला जमलं नाही. त्या दिवसापासून माझी सातची हाकही थांबली. तेराव्यानंतर मी भावाला सांगितलं की माझं तिकीट काढ. भावाला वाटलं मला नवऱ्याची ओढ लागली. मी निघाले होते त्या बाईला झिंज्या धरून बाहेर काढायला, आणि नाही जमलं तर तिथूनच परत फिरून कायमची भिवापूरला जायला. ह्यांना कळवलंच नाही. भावानं डाइंग मास्टरांना तार केली, आणि ते मला कानोच्या विमानतळावर घ्यायला आले. तिथून कडुना मोटारीनं तीन-चार तास. रस्ताभर कापसाची, ज्वारीची शेतं होती, आणि मी त्यांच्याकडं रागानं बघत होते.

क्वार्टर म्हणजे पत्र्याच्या छपराची बैठी रांग, मागं कमरेएवढ्या भिंतीनं वेगळी केलेली अंगणं. हे ड्यूटीवर होते. दार नुसतं लोटलेलं होतं. मी घरभर फिरले. एक खाट, एक मच्छरदाणी. साडी नाही, केसांचा आकडा नाही, टिकली चिकटवलेली नाही. स्वयंपाकघर मात्र बाईच्या हातचं होतं. पोळपाटाच्या बाजूला पीठ झाकलेलं, फडकं चौघडी करून दांडीवर टाकलेलं, मसाल्याचे डबे उंचीनं लावलेले. मी अगदी तस्संच लावते. मला वाटलं, बघा, माझी पद्धतसुद्धा चोरली.

मागच्या भिंतीपलीकडं शेजारीण कपडे वाळत घालत होती. हलिमा तिचं नाव, नवरा मिलमध्येच क्लार्क. तिला शाळेतलं थोडं इंग्रजी यायचं, मलाही मॅट्रिकपुरतं. मला पाहून तिला काही नवल वाटलं नाही. सन्नू, सन्नू, म्हणत तिनं घर कसं, झोप कशी, थकवा कसा हे सगळं विचारून घेतलं, आणि मग कुरकुर केली की बरेच दिवस दिसली नाहीस, जाताना सांगून तरी जायचं.

मी म्हटलं, मी आजच पहिल्यांदा येते आहे. ती हसली. तिला वाटलं मी थट्टा करते. म्हणाली, चेहरा मी विसरेन का, रोज तर या भिंतीशी उभी असायचीस. फक्त माझ्याशी कधी बोलली नाहीस, मला वाटायचं भाषा येत नाही.

मी काही म्हणायच्या आत तिच्या दोन मुली धावत आल्या आणि ओरडल्या, "मिस्टर अवो! मिस्टर अवो!" मी वळले. हे दारात उभे होते, मिलमधून आलेले, अंगावर कापसाचे तंतू. मुलींनी हाक ह्यांना मारली होती.

त्या गावात मराठी बोलणारी सात-आठ माणसं, ती सगळी दुसऱ्या टोकाला. हे एकटे राहणारे, स्वतःला कुणी 'अवो' म्हणवून घेतं का? मी हलिमाला विचारलं, हे नाव यांना कुणी शिकवलं. ती म्हणाली, पोरींना वाटतं ते त्याचं नाव आहे. तिला स्वतःला पहिल्यापासून माहीत होतं की ते नाव नाही. "आमच्यातही बायको नवऱ्याचं नाव घेत नाही," ती म्हणाली. "मी मैगिदा म्हणते, घरधनी. तू अवो म्हणतेस. तो पाळीवरून आला की तू इतकी मोठ्यानं हाक मारतेस की सगळी रांग ऐकते. त्यावरूनच तर मला कळलं की तू त्याची बायको आहेस, दुसरी कुणी नाहीस."

हे पाळीवरून घरी यायचे अडीच वाजता. तिथले अडीच म्हणजे नागपूरचे सात, हे मला मागाहून ह्यांनीच घड्याळ दाखवून सांगितलं.

हे मला बघून आनंदले नाहीत, घाबरले. आधी माझ्याकडं पाहिलं, मग माझ्या पायाशी ठेवलेल्या ट्रंकेकडं. ट्रंकेला मात्र वाकून हात लावून पाहिला. म्हणाले, "तू खरीच आली?"

मी दार लावून घेतलं आणि विचारलं, "अवो, कोन आहे ती?"

हे सांगू लागले ते जमिनीकडं बघत. "तू हाक मारायची. पयले वाटलं भास होते. मंग एक दिवस मी ओ देली. तं तू दिसाले लागली. मले मालूम होतं तू इथं नाही. मी काही पागल नाही. पन तूच होती."

मग आतापर्यंत कुणालाच न सांगितलेलं सांगितलं. नागपुरात असतानाच ह्यांचे कान जायला लागले होते. मिलमध्ये कळलं तर मास्टर म्हणून ठेवणार नाहीत या धाकात ह्यांनी इथली नोकरी धरली होती. कडुनात पहिले सहा महिने साहेब काय म्हणतो ते अर्धं कळायचं नाही, आणि खोलीवर येऊन हे रडायचे. "बाकी काहीच धड आयकू येत नव्हतं. तुझी हाक तेवढी साफ यायची," म्हणाले. हे सगळं ह्यांनी तिला सांगितलं होतं. ती शेजारी बसून ऐकायची.

मी दहा वर्षं संसार केला होता. मला कानाचं कधी सांगितलं नाही, कारण मी चिडेन, घाबरेन, माहेरी सांगेन. तिला सांगितलं.

"तिनं कधी भांडन केलं तुमच्याशी?" मी विचारलं.

ह्यांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "नाही."

"मंग ती मी नव्हती," मी म्हटलं, आणि ट्रंक उघडलीच नाही.

दोन दिवस मी परत जाण्याच्या हट्टावर होते. तिसऱ्या दिवशी दुपारी हलिमा भिंतीशी आली. दोन घरांतलं सगळं त्या भिंतीवरून ऐकू जायचं, शब्द कळले नाहीत तरी सूर कळायचा. तिनं विचारलं, तेव्हा मी मोडक्या इंग्रजीत तिला सगळं सांगून टाकलं. तिनं मला एक शब्द शिकवला, किशी. म्हणजे मत्सर. आणि किशिया म्हणजे सवत. दोन्ही एकाच मुळातले. तिच्या नवऱ्यानं दोन वर्षांपूर्वी दुसरी केली होती, अठरा वर्षांची, ती त्याच घरात पुढच्या खोलीत राहायची. हलिमा म्हणाली, मला रोज ती दिसते. तिचे हात माझे नाहीत, तिचा आवाज माझा नाही. तुझ्या नवऱ्यानं तुझ्या पाठीमागं कुणाला घरात घेतलं तर तुलाच घेतलं. "मला अशी किशिया दे, मी रोज तिचे पाय दाबीन."

मी ऐकून घेतलं. संध्याकाळी ट्रंक उघडली. हलिमाचं म्हणणं पटलं म्हणून नाही. तिचा चेहरा बघून मला माझ्या रागाची थोडी शरम वाटली म्हणून.

आम्ही तिथं सहा वर्षं राहिलो. मी हौसा बोलायला शिकले, हार्मटनच्या दिवसांत ओठांना शेंगदाण्याचं तेल लावायला शिकले, ज्वारीचा तो गोळा खायला शिकले. हलिमाला मी सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची वडी, शिकवली, तिला तिखटच लागायची. 'मिस्टर अवो' हे नाव तर रांगेत कायमचं झालं, मिलमधले साहेबसुद्धा म्हणायचे. ती बाई मी आल्यापासून कुणालाच दिसली नाही. ह्यांनी तिचा विषय काढला नाही, पण अडीचला घरी आले की दारात क्षणभर थांबायचे आणि मागच्या अंगणाकडं बघायचे. मी तिथंच असायची, चहा घेऊन. बघून झाल्यावर आत यायचे. मी पुष्कळ प्रयत्न केला. शेजारी बसायची, गप्प राहायची, आज काय झालं म्हणून हळू आवाजात विचारायची. हे म्हणायचे, काही नाही, सगळं ठीक. मला ह्यांनी कधी वाईट वागवलं नाही. मनातलं मात्र पुन्हा कुणाला सांगितलं नाही.

एक्याऐंशीला नागपूरला परत आलो, सक्करदऱ्यातच घर बांधलं. चार वर्षांनी ह्यांना हृदयविकाराचा झटका आला. दवाखान्यात आठ दिवस मी उशाशी होते. नवव्या दिवशी डॉक्टर म्हणाले आता धोका नाही, म्हणून दुपारी मी घरी गेले. आंघोळ केली, मुगाची खिचडी टाकली आणि कुकरची वाफ जाईपर्यंत जरा टेकले. बसल्या बसल्या डोळा लागला असावा. जागी झाले तर तास उलटून गेला होता.

डबा घेऊन गेले तेव्हा ह्यांच्या तोंडावर चादर होती. तिथली सिस्टर, जेमतेम पंचविशीची मुलगी, माझ्याकडं बघतच राहिली. माझ्या हातातल्या डब्याकडं बोट करून म्हणाली, "काकू, हे कवा आनलं? तुमी तं इथंच होत्या आत्तापर्यंत. यांचा हात धरून बसल्या होत्या."

मी डबा खाली ठेवून विचारलं, हे काही बोलले का.

"बोलले ना. लय वेळ बोलले. तुमी मान हलवत होत्या. मंग हसले अन् गेले."

काय बोलले, हे तिला ठाऊक नव्हतं. ती दुसऱ्या खाटेवर सलाइन लावत होती.

नातेवाइकांत हे ज्यांना सांगितलं त्या सगळ्यांनी माझी समजूतच घातली. म्हणाले, वाईट कशाला वाटून घेतेस, ती तूच होतीस, तुझंच प्रेम होतं, ह्यांना शेवटी तुझाच हात मिळाला. याचं शास्त्रीय काय कारण असेल ते मला ठाऊक नाही, कुणी सांगूही शकलेलं नाही. माझं एवढंच विचारणं आहे... ती मीच होते, तर हे शेवटी काय बोलले ते मला आठवायला नको का?